हिरव्या मिरचीचा हंगाम आणि घरचे चिले रेयेनो

पिंपळपान

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे हिरव्या मिरचीचा हंगाम. किराणा दुकानांच्या दारात जाळीची मोठी पिंपं मांडतात. खाली प्रोपेनच्या ज्वाळा, आत पोतंभर मिरच्या. पिंप फिरत राहतं, साली फुटून उडतात आणि वास पार रस्त्यापर्यंत येतो. अल्बुकर्कीत राहायला आल्यापासून मी हंगामात पोतं घेतेच. बऱ्याच मिरच्या फ्रीझरमध्ये जातात, उरलेल्यांचे चिले रेयेनो. म्हणजे भाजून सोललेली आख्खी मिरची, आत चीज, वर फेसलेल्या अंड्याचं हलकं आवरण, तळायची आणि गरम सॉस घालून वाढायची.

आपल्याकडे बरेच जण याला चीज भरलेलं मिरचीचं भजं समजतात आणि त्याच हिशोबाने करतात. मग कच्ची मिरची, जाड पीठ, आणि पहिल्या घासाला अख्खी साल दातात येते. या पदार्थात सगळ्यात चवदार काय असेल तर भाजलेल्या मिरचीचा गर. चीज आणि अंडं त्याच्या सोबतीला. म्हणून भाजणं, सोलणं आणि कोरडं करणं या तीन कामांना वेळ द्या, बाकी सगळं सवडीने बदलता येतं.

मिरची कोणती? मेक्सिकोत बहुतेक ठिकाणी पोब्लानो वापरतात. गडद हिरवी, रुंद खांद्यांची, टोकाला निमुळती. प्वेब्ला भागातली म्हणून पोब्लानो. तिखटपणा साधारण १००० ते २००० स्कोव्हिल, म्हणजे हालापेन्योपेक्षा बराच कमी. पण एखादी चांगलीच झणझणीत निघते, हे खाणाऱ्यांना आधी सांगून ठेवावं. न्यू मेक्सिकोत लांब हिरवी मिरची घेतात. ‘हॅच’ नावाने जी विकतात ती एकच जात नसते. हॅच हे राज्याच्या दक्षिणेला रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातलं गाव, तिथे अनेक जाती पिकतात. घेताना ‘माइल्ड’, ‘मीडियम’, ‘हॉट’ असं विचारून घ्या. भरायला माझी पसंती ‘बिग जिम’ला. न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीत रॉय नाकायामा यांनी ही जात तयार केली, १९७५ साली ती शेतकऱ्यांना मिळाली. मिरची वीतभर लांब, गर जाड, आत भरपूर जागा. त्याच संस्थेत फाबियान गार्सिया यांनी त्याही आधी, १९२१ मध्ये, ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ आणली होती. आज इथली जी लांब हिरवी मिरची आपण खातो तिची घडण तिथून सुरू झाली.

निवडताना सरळ मिरच्या घ्या. वाकड्यातिकड्या मिरचीच्या खोबणीत आच पोचत नाही आणि तिथलीच साल चिकटून बसते. देठ शाबूत हवा.

भाजणं: गॅसच्या मोठ्या आचेवर थेट, चिमट्याने फिरवत. सगळ्या अंगाने साल काळी पडून फोड आले पाहिजेत. आच मोठी हवी, कारण साल झटकन पोळली पाहिजे आणि गर कच्चट-घट्ट राहिला पाहिजे. मंद आचेवर ठेवलं तर साल सुटेपर्यंत गराचा लगदा होतो आणि भरताना मिरची फाटते. भाजून झाली की लगेच पातेल्यात घालून झाकण, १०-१५ मिनिटं. आतल्या वाफेने साल सुटते.

सोलणं: बोटांनी किंवा सुरीच्या पाठीने. नळाखाली धुऊ नका. भाजल्याचा सगळा स्वाद त्या पाण्याबरोबर जातो. बोटं ओली करून पुसत राहा, थोडे काळे ठिपके राहिले तर राहू देत. मग देठाखालून एक उभी चीर, टोकापर्यंत न नेता. आतला बियांचा गड्डा आणि पांढऱ्या शिरा काढा. तिखटपणा मुख्यतः त्या शिरांत असतो. शेवटी आतून-बाहेरून टिपून कोरडी करा.

भरणं: वितळून लांब तार सुटणारं चीज. ओआहाका, असादेरो, चिवावा, नाही मिळालं तर मॉन्टेरे जॅक. किसून न घालता बोटभर जाडीची लांब कांडी कापून घाला, तळताना बाहेर कमी येते. तोंड मिटत नसेल तर टूथपिक लावा.

सहा मिरच्यांना चार अंडी. पांढरं चिमूटभर मीठ घालून भांडं उलटं केलं तरी हलणार नाही इतकं फेसा, मग एकेक करून बलक हलक्या हाताने मिसळा, वर चमचाभर मैदा. भांड्याला तुपाचा-तेलाचा हात असेल किंवा पांढऱ्यात बलकाचा थेंब असेल तर ते फुलत नाही. फेस फार वेळ टिकत नाही, म्हणून तेल आधी तापलेलं हवं, १८० अंशांच्या आसपास. मिरची कोरड्या मैद्यात घोळवा, जास्तीचा झटका, देठाला धरून फेसात बुडवा आणि चिरेची बाजू खाली करून तेलात सोडा. तेल दोन सेंटिमीटर पुरे. चमच्याने वरून गरम तेल उडवत राहा म्हणजे उलटताना आवरण फाटत नाही.

वरून मेक्सिकन पद्धतीने टोमॅटोचा पातळ रस्सा: टोमॅटो, कांदा, लसूण भाजून वाटून, गाळून, थोड्या तेलावर परतून १५ मिनिटं उकळायचा. न्यू मेक्सिकोत त्याऐवजी भाजलेल्या हिरव्या मिरचीचाच सॉस घालतात. घरात टोमॅटो आवडतो, मला हिरवा.

अंबाडी

किती सविस्तर लिहिलंय! आमच्याकडे इलेक्ट्रिक शेगडी आहे, थेट आच नाही. शिवाय धुराचा अलार्म लगेच वाजतो. काय करू?

पिंपळपान

अंबाडी, ओव्हनचं ब्रॉइलर वापर. ट्रे वरच्या कॉइलपासून १०-१२ सेंटिमीटरवर, मिरच्यांमध्ये अंतर ठेव आणि प्रत्येकीला सुरीने एक बारीक टोचा मार, नाहीतर आतल्या वाफेने फुटतात. दर तीन-चार मिनिटांनी फिरवायचं. तेल लावू नकोस, धूर तेलाचाच जास्त होतो. एअर फ्रायरमध्येही होतं, २०० अंशांवर पंधराएक मिनिटं, पण साल सगळीकडे सारखी सुटत नाही. खिडकी उघडी ठेव, लहान मूल असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत पाठव. मिरचीची वाफ घशाला लागते.

केळीचंपान

जळगावहून लिहिते. आमच्याकडे भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तुमचं मिरची भाजणं वाचून अगदी तेच डोळ्यासमोर आलं. धुवायचं नाही, बोटं ओली करून सोलायचं, हेही तसंच.

पण एक सांग गं, आपण भरली मिरची करतो त्यात कुठे सोलतो? आमची पद्धत अशी: भज्याच्या पोपटी मिरच्या, चीर देऊन बिया काढायच्या. खमंग भाजलेलं बेसन, दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, धणे-जिरे पूड, हळद, मीठ, गूळ आणि आमचूर, नाहीतर लिंबू. तेलाचे दोन चमचे घालून मूठ वळेल इतपत ओलसर करायचं. मिरच्या भरून कढईत पसरट तेलावर मंद आचेला, झाकण ठेवून. मधून मधून बाजू बदलायची, डाग पडले की झाली. सांडलेलं सारण तेलात खरपूस होतं, त्याच्यासाठी घरात भांडणं. साल कधीच आड आली नाही.

पिंपळपान

काकू, तुमचं सारण आजच लिहून घेतलं. आपली पोपटी मिरची पातळ असते, साल कोवळी, आणि ती झाकणाखाली तेलात सावकाश शिजते, त्यामुळे साल मऊ होऊन गराबरोबर खाल्ली जाते. पोब्लानो आणि बिग जिमची साल जाड आणि चिवट. शिवाय रेयेनो तेलात फार तर चार मिनिटं असतो, तेवढ्यात ती साल मऊ होत नाही. म्हणून आधी काढावीच लागते.

ऋचा_ऑस्टिन

श्रावण चालू आहे, घरात अंडं येत नाही, आणि नेमक्या आत्ताच मिरच्या स्वस्त! बेसनात बुडवून केलं तर? कांदा-लसूणही नको आहे.

सह्यकडा

बेसनात बुडवलं की तो मिरची वडा. जोधपूरला बटाटा भरून करतात आणि तो फार सुंदर पदार्थ आहे, पण त्याला चिले रेयेनो म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. अंड्याच्या फेसाचं आवरण सॉस शोषून घेतं, ती त्या पदार्थाची ओळख आहे. बेसन सॉसमध्ये भिजलं की गिळगिळीत होतं.

ऋचा_ऑस्टिन

मग आम्ही शाकाहारी लोकांनी तो करूच नये का? दुसऱ्याच्या स्वयंपाकाचा मान राखावा हे मला पटतं. पण आपल्या घरात जे चालतं त्यात बसवून करणं यात अपमान काय आहे? बाहेरून आलेला कितीतरी स्वयंपाक आपण असाच आपलासा केला. मिरची स्वतःच पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आपल्याकडे आली ना?

प्वेब्लाकर

मी कामानिमित्त प्वेब्लात राहतो, म्हणून मध्ये बोलतो. ऋचाताई, इथेही आवरणाशिवायचे रेयेनो सर्रास करतात. भाजून सोलून भरलेली मिरची तव्यावर किंवा ओव्हनमध्ये गरम करायची आणि वर रस्सा. तेव्हा अंडं टाळलं म्हणून तुम्ही काही मोडत नाही. सारणातही चीजशिवाय राजम्याच्या जातीच्या घेवड्याचं दाटसर वाटण, मक्याचे दाणे, रेकेसोन नावाचं मऊ ताजं चीज असं बरंच काही असतं. ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, तेव्हा चीजचे रेयेनो घरोघरी होतात.

आणि आवरणावरून वाद घालणारे तुम्ही पहिले नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात इथे ‘चिलेस एन नोगादा’ करतात, त्यावर आवरण असावं की नसावं यावर लोक अगदी तावातावाने बोलतात. पोब्लानोत मांसाचा खिमा, त्यात पेअर, पीच आणि सफरचंदाच्या स्थानिक जाती, बेदाणे, बदाम. वर ताज्या अक्रोडाची पांढरी चटणी, डाळिंबाचे दाणे आणि पार्सलीची हिरवी पानं. हिरवा-पांढरा-लाल, मेक्सिकोच्या झेंड्याचे रंग. १८२१ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यातला सेनानी आगुस्तीन दे इतुर्बिदे प्वेब्लात आला तेव्हा सांता मोनिका मठातल्या जोगिणींनी त्याच्यासाठी हा पदार्थ केला, अशी कथा इथे प्रत्येक जण सांगतो. कथा बाजूला ठेवली तरी हंगामाचं कारण पक्कं आहे: ताजा अक्रोड आणि डाळिंब एकाच वेळी याच दिवसांत येतात. अक्रोडाची आतली पातळ साल नखाने सोलावी लागते, नाहीतर चटणी कडवट आणि मळकट होते. घरातल्या सगळ्या बायका-पोरं टेबलाभोवती बसून ते सोलत असतात. आपल्याकडे दिवाळीच्या करंज्यांना बसतात तेवढी माणसं लागतात.

सह्यकडा

प्वेब्लाकर, धन्यवाद. आवरणाशिवायचे तिथेही होतात हे मला माहीत नव्हतं, माझा आक्षेप मागे. ऋचा, बिनधास्त करा. फक्त बेसन सॉसमध्ये बुडवू नका, सॉस बाजूला वाढा.

पिंपळपान

ऋचा, आवरण हवंच असेल तर अर्धी तांदळाची पिठी, अर्धं कॉर्नस्टार्च, मीठ, आणि ऐन वेळी बर्फासारखं थंड सोड्याचं पाणी. बेसनाची चव येत नाही, कुरकुरीत राहतं. पण तुझ्या जागी मी आवरणच सोडून दिलं असतं. भरलेल्या मिरच्या ट्रेमध्ये मांडून २०० अंशांवर १२-१५ मिनिटं, चीज वितळेपर्यंत. रश्श्यात कांदा-लसणाऐवजी जिरं, हिंग आणि दालचिनीचा छोटा तुकडा. टोमॅटो मात्र खरपूस भाजून घे. आणि चीजच्या पाकिटावर रेनेट (चीजसाठी दूध घट्ट करणारा घटक, तो प्राण्यांपासूनही काढतात) ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेबल’ लिहिलंय ना ते वाच, श्रावणात घरच्यांना ते विचारायचं असतं.

निशिगंधा_म

तातडीचं आहे. मिरच्या सोलल्या, हातमोजे घातले नव्हते, आता बोटांची आग थांबत नाही. पाण्यात हात धरून बसलेय.

केळीचंपान

पाण्याने नाही जायचं गं. हाताला गोडं तेल चोळ, चांगलं मिनिटभर, नखांच्या कडेलासुद्धा. मग भांड्याच्या साबणाने धू. पुन्हा तेल, पुन्हा साबण. डोळ्यांना हात लावू नकोस.

डॉ_मोगरा

काकूंचं बरोबर आहे. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. गरम पाणी तर मुळीच नको, आग वाढते. त्यानंतर गार दुधात किंवा दह्यात बोटं ठेवली तर बरं वाटतं. काही तास चुरचुर राहू शकते. फोड आले किंवा डोळ्यात गेलं आणि भरपूर साध्या पाण्याने धुऊनही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर मोजे घातल्याशिवाय मिरचीच्या शिरांना हात लावू नये.

निशिगंधा_म

तेल-साबण दोनदा केलं, खूप कमी झालं. दोघींचे मनापासून आभार.

शनिवारपेठ

पुण्यात पोब्लानो कुठे शोधायची? काय वापरू?

पिंपळपान

शोधत बसू नका. भज्यांच्या मिरच्यांतल्या सगळ्यात जाड, सरळ निवडून घ्या. त्यांचा गर पातळ म्हणून आचेवर जेमतेम फोड येऊ द्या. सगळी साल निघणार नाही, चालेल. दुसरा पर्याय ढोबळी मिरची. ती छान सोलली जाते आणि गरही जाड, फक्त गोड असते आणि तिखटपणा शून्य, तेव्हा चीजबरोबर बारीक चिरलेली हिरवी मिरची घाला. लहान ढोबळ्या निवडा, मोठीत इतकं चीज जातं की दुसरं काही लागत नाही.

अंबाडी

ब्रॉइलरवर केल्या! साल इतकी सुंदर सुटली. एकच प्रश्न, तळताना दोन मिरच्यांचं आवरण सुटून तेलात पसरलं. बाकीच्या उत्तम झाल्या. असं का होतं?

पिंपळपान

वाह! बहुतेक त्या दोन ओलसर राहिल्या असतील. फेस गुळगुळीत ओल्या गराला धरत नाही, कोरड्या मैद्याचा पातळ थर मध्ये असला तरच चिकटतो. सोलल्यावर तासभर उघड्यावर ताटात, नॅपकिनवर ठेव. तेल कमी तापलं असेल तरीही असं होतं. फेसाचा थेंब टाकून बघ, लगेच फुलून वर आला पाहिजे.

वऱ्हाडी_ठसका

आमच्या नागपूरकडच्या सांडग्या मिरच्या कोणी लिहिल्याच नाहीत. त्याही भरलेल्याच की! एप्रिल-मे मधलं वाळवण. जाडसर मिरचीला चीर देऊन आत धणे, मेथी, मोहरीची भरड, हिंग, हळद, मीठ दह्यात कालवून भरतात आणि कडक उन्हात खडखडीत वाळवतात. वर्षभर डब्यात. तेलात सोडायच्या, काळपट झाल्या की काढायच्या, खिचडीवर नाहीतर दहीभातावर चुरायच्या. वाळताना रात्री घरात घ्यायच्या, दव लागलं की बुरशी.

केळीचंपान

आमच्यात मेथी जरा कमी. बाकी तस्संच.

ऋचा_ऑस्टिन

फ्रीझरबद्दल विचारायचं होतं. सालीसकट ठेवायच्या की सोलून? आणि भाजलेल्या मिरच्या लोणच्यासारख्या तेलात बुडवून बाहेर ठेवल्या तर टिकतील का?

पिंपळपान

सालीसकट. थंड झाल्या की पिशवीत एका थरात, हवा काढून. बर्फ वितळला की साल आणखी सहज निघते आणि गर फाटत नाही. सोलून, बिया काढून ठेवलेल्या नंतर लिबलिबीत होतात, त्या सॉसला ठीक.

तेलात बुडवून बाहेर ठेवायचं मात्र अजिबात करू नका. आपल्या लोणच्यात मीठ आणि आंबटपणा भरपूर असतो म्हणून ते टिकतं. भाजलेल्या मिरचीत आंबटपणा नाही, वर तेलाने हवा बंद होते, आणि बॉटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू नेमके अशा जागी वाढतात. वास-चवीवरून कळतही नाही. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे फ्रीझर. बरण्यांत भरायचं असेल तर प्रेशर कॅनर (बरण्या दाबाखाली तापवायचं भांडं) हवाच, नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून भागत नाही.

सह्यकडा

गणपतीनंतर पंधरा-वीस माणसं जेवायला आहेत. ऐन वेळी तळत बसायचं नाही. कसं बसवू?

पिंपळपान

आदल्या दिवशी भाजून, सोलून, भरून, टूथपिक लावून फ्रिजमध्ये, झाकून. रस्साही आदल्या दिवशीच करा. त्या दिवशी पाहुणे यायच्या तासभर आधी मिरच्या बाहेर काढून पुसून घ्या. फेस एकदम सगळा करू नका, चार-चार अंड्यांचा करा, नाहीतर शेवटच्या मिरच्यांना पाणी सुटलेला फेस लागतो. तळलेल्या मिरच्या जाळीवर ठेवून १०० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास छान राहतात. रस्सा ताटात आधी, मिरची वर. माणशी एक धरा आणि चार जास्तीच्या करा. सोबत साधा भात पुरतो, पोळी नको. टूथपिक मोजून लावा आणि वाढायच्या आधी तितक्याच काढल्यात ना बघा, मुलं असतील तर नक्की.